मेंढा कोणता ठेवायचा? माणदेशातल्या एका घरच्या मेंढरांचं आणि लोकरीचं प्रकरण

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माण तालुक्यात, एका धनगर कुटुंबासमोर भाद्रपदात एक प्रश्न उभा राहिला. घरचा काळा मेंढा म्हातारा झाला होता आणि कळपातल्या बऱ्याच तरण्या मेंढ्या आता त्याच्याच पोरी होत्या. मेंढा बदलणं भाग होतं. थोरल्या मुलाला माडग्याळ मेंढा हवा होता, आईला काळा दख्खनीच. धाकटा मुलगा आणि दोन्ही सुना मध्ये अडकल्या होत्या. मी या भागात सूत काढणाऱ्या बायकांबरोबर काम करते आणि त्या आईंची लोकर बरीच वर्षं बघत आले आहे. म्हणून हिशेब मांडायला त्यांनी मला बोलावलं. घरच्यांच्या परवानगीनं, पण नावं-गावं वगळून, तो हिशेब इथे मांडते. असाच प्रश्न आज अनेक वाड्यांवर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळांवर, आहे.

घराची स्थिती अशी. पाच एकर जिरायत, त्यात बाजरी, मटकी, हुलगा. विहिरीला पाणी राहिलं तर एका तुकड्यात ज्वारी आणि बांधाला घास. ३४ मेंढ्या, एक मेंढा, दोन शेळ्या. पूर्वी हे कुटुंब दिवाळीनंतर वाड्याबरोबर पश्चिमेला जायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. नातवंडं शाळेत जाऊ लागली तशी ही भटकंती थांबली आणि शंभरावरची मेंढरं हळूहळू ३४ वर आली. आता चराई गावाच्या माळावर, गायरानात आणि पिकं निघालेल्या रानात. रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं कधी स्वतःच्या, कधी दुसऱ्याच्या शेतात बसवतात. दुसऱ्याच्या शेतात बसवली की धान्य किंवा पैसे मिळतात. लेंडीखत हा या घराचा वर्षभर चालणारा रोख व्यवहार आहे, आणि या सगळ्या वादात त्याचं नाव कुणीच घेत नव्हतं.

दोन बाजू

थोरल्याचं म्हणणं अगदी सरळ होतं. दख्खनी मेंढी लहान चणीची असते, पूर्ण वाढलेली मादी तीस किलोच्या आसपास. वेताला बहुधा एकच कोकरू देते. माडग्याळ ही जत तालुक्यातली जात, उंच, रोमन (बाकदार) नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळांची. तिच्या रक्ताचं कोकरू त्याच वयात वजनानं पुढे जातं आणि बाजारात त्याच्याकडे आधी बघतात. त्याच्या अंदाजानं तीन-चार महिन्यांचा काळा नर साडेचार हजारांना जातो, तर माडग्याळ संकर साडेसहा हजारांना. या कळपात वर्षाला साधारण २८ कोकरं जगतात. त्यातले निम्मे नर धरले तर नरांवरच २८,००० रुपये जास्त.

त्याचा दुसरा मुद्दा लोकरीचा होता आणि तो जास्त बोचरा होता. माडग्याळच्या अंगावर लोकर जवळजवळ नसते, आखूड केस असतात, कातरावं लागत नाही. काळी मेंढरं वर्षातून दोनदा कातरावी लागतात. कातरणारे डोक्यामागे ३० रुपये घेतात. ३५ मेंढरं, दोन वेळा, म्हणजे २,१०० रुपये, शिवाय त्यांचं जेवण. एका कातरीत मेंढीमागे तीनशे ग्रॅमच्या आसपास लोकर निघते, म्हणजे वर्षाला वीस-एकवीस किलो. व्यापारी सगळी एकत्र घेतो आणि किलोला १० रुपये देतो. मागच्या साली तोही आला नाही आणि अर्धी लोकर उकिरड्यावर गेली.

"कातरायला दोन हजार घालायचे आणि दोनशेची लोकर विकायची, ह्याला धंदा म्हणतात का आई?" हे त्याचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ झालं होतं.

आईंकडे आकडा नव्हता. चातीवर, म्हणजे हातातल्या टकळीवर, सूत काढणाऱ्या त्या एवढंच म्हणत, "काळं बकरं पावसात हुभं ऱ्हातं. आन् माझ्या चातीला काय घालू?"

तिसरा पर्याय धाकट्यानं आणला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गारोळ जातीतला जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. तिला बऱ्याच वेतांत जुळी होतात आणि अंगावर लोकरही राहते. काम मोलाचं आहे आणि मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण जुळ्यांना दूध पुरायला मेंढीला गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात आणि व्याल्यावर खुराक लागतो. उन्हाळ्यात ज्या घरी कडबा विकत घ्यावा लागतो तिथे दुसरं कोकरू बाटलीवर वाढवणार कोण, यावर धाकट्याकडे उत्तर नव्हतं. राज्य सरकारच्या महामेष योजनेतून २० मेंढ्या आणि एक मेंढा घ्यावा असंही त्यानं सुचवलं. पण मेंढरं वाढवायला चराई कुठे आहे, इथेच ती गोष्ट थांबली.

लोकर टाकाऊ कशी झाली

व्यापारी १० रुपये का देतो हे आधी समजून घ्यायला हवं. दख्खनी लोकर मुळातच जाडीभरडी आहे. मेरिनोचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास असतो, हिचा त्याच्या दुपटीहून जाड, आणि त्यात मधून मधून पोकळ, ताठ केस. अंगाला लागून घालायच्या कपड्याला ती कधीच नव्हती. तिची जागा घोंगडीत, जाजमात, थंडी-पावसाच्या पांघरुणात. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन माणूस पावसात दिवसभर राखण करू शकायचा, कारण लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ पिऊनही ओली लागत नाही आणि भिजली तरी ऊब धरते. ती गरज प्लॅस्टिकच्या कागदानं आणि पानिपतहून येणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांनी भागवली. घोंगडीचं गिऱ्हाईक कमी झालं, घोंगड्या विणणाऱ्या सणगरांचे माग एकेक करून थांबले, माग थांबले तसं सूत कुणी घेईना. मग लोकर निवडून ठेवण्याचं कारणच उरलं नाही. जी गोष्ट निवडली जात नाही तिला भाव येत नाही, आणि भाव नाही म्हणून ती कुणी निवडत नाही. हे चक्र कुठून तोडायचं, तर माझ्या मते कातरणीच्या दिवसापासून. बाजारापासून सुरुवात करणारे खूप बघितले. ते लोकर स्वच्छ करण्यातच दमतात.

या घरच्या लोकरीचं नेमकं काय होत होतं? मेंढरं न धुता, पावसाची चिन्हं दिसली की घाईनं कातरली जायची. पाठीची लांब लोकर, पोटाची मळकी, मांड्यांवरची लेंडी चिकटलेली, शेपटीची, सगळी एकाच पोत्यात. त्यात कुसळं, गोखरू, आघाड्याचं बी. कातर नीट बसली नाही की कातरणारा त्याच जागी दुसऱ्यांदा फिरवतो, त्याचे आखूड तुकडे पडतात आणि सूत काढताना गाठी होतात. पोतं ओलसर असतानाच तोंड बांधून माळ्यावर. दोन-तीन महिन्यांनी उघडलं की कसर लागलेली. जवळच्या गावातल्या मागवाल्या सणगर काकांकडे आई एकदा ही लोकर घेऊन गेल्या होत्या. त्यांनी मूठभर उचलून उजेडात धरली आणि परत पोत्यात ठेवली.

कातरणीचा एक दिवस, वेगळ्या रीतीनं

मेंढ्याचा निर्णय लगेच होणार नव्हता. मी एवढीच विनंती केली की येणारी कातर एकदा नीट करून बघू, म्हणजे लोकरीच्या बाजूला काय मांडायचं ते तरी कळेल.

कातरणीच्या दोन दिवस आधी मेंढरं बंधाऱ्याच्या पाण्यातून काढली. दोघं पाण्यात उभे राहून एकेक मेंढरू हातानं चोळून पुढे सोडत होते. मग दोन दिवस खडकाळ माळावर चरायला, धुळीच्या रानात नाही, म्हणजे अंग सुकतं आणि परत मळत नाही. धाकट्या सुनेनं अंगणात झाडून जुनी ताडपत्री अंथरली. कातरणाऱ्यांना थोरल्यानंच सांगितलं की दुसऱ्यांदा कातर फिरवू नका, वर थोडी लोकर राहिली तरी चालेल. त्यासाठी डोक्यामागे पाच रुपये वाढवून दिले. माझ्या हिशेबात या घरानं लोकरीवर खर्च केलेले सगळ्यात चांगले पैसे हेच.

लोकर निघताना चार ढीग झाले. खांद्याची आणि पाठीची काळी, एक. करडी आणि तपकिरी, दुसरा. पोट, पाय, शेपूट, तिसरा. आणि चौथा, सगळ्यात लहान, जावळाचा, म्हणजे यंदाच्या माद्या कोकरांची पहिली कातर. जावळ हातात घेतलं की लगेच ओळखू येतं, त्याची टोकं कातरलेली नसतात, निमुळती असतात, म्हणून ते टोचत नाही. पण एका कोकराचं जावळ दीडशे ग्रॅम भरत नाही. नर आधीच विकले जातात, घरी राहतात त्या सहा-सात माद्या. म्हणजे वर्षाला जेमतेम एक किलो. एका जावळाच्या घोंगडीसाठी एवढ्या लहान कळपाला अडीच-तीन वर्षं जावळ साठवावं लागतं. ती घोंगडी महाग का, याला दुसरं उत्तर नको.

तिसरा ढीग फेकला नाही. तो शेवग्याच्या आणि लिंबाच्या आळ्यात पसरला. लोकर हळूहळू कुजते, ओल धरते आणि नत्र सोडते. बाकीची दिवसभर उन्हात उलटीपालटी करून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून सुती पिशव्यांत भरली. त्यातली मूठभर काळी लोकर आईंनी वेगळी बांधून देव्हाऱ्यात ठेवली. ती पट्टणकोडोलीला जाते, विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि खोबऱ्याबरोबर उधळायला.

कातरून झाल्यावर गोचिडांसाठी औषधाची फवारणी केली आणि पुढचे आठ दिवस रात्री मेंढरं पत्र्याच्या आडोशाला घेतली. नुकतं कातरलेलं मेंढरू पावसात सापडलं तर न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधीच झाली होती, ती या भागात चुकवून चालत नाही.

सूत

पिंजायचं काम धाकटीनं शिकून घेतलं. कमानीच्या तातीवर लोकर उडवायची, म्हणजे गुंता सुटतो, धूळ आणि कुसळं खाली पडतात आणि मऊ लाट तयार होते. तिच्या हातभर लांब पेळू करायच्या. आई चातीवर कातत. चाती म्हणजे लाकडी दांडी आणि खाली वजनाची चकती. डाव्या हातात पेळू, उजव्या हातानं गिरकी. आई मेंढरांमागे चालताना, पारावर बसताना, नातवाचा अभ्यास घेताना, कधीही कातत. चरखा दिला तर सूत जास्त निघतं हे त्यांनाही माहीत आहे, पण चरखा एका जागी बसवतो. मेंढरांमागे जाणाऱ्या माणसाला चातीच बरी, आणि या बाबतीत मी त्यांच्याच बाजूची आहे.

घोंगडीला दोन प्रकारचं सूत लागतं. ताण्याचं सूत बारीक आणि जास्त पिळाचं, कारण मागावर ते ओढलं जातं. बाण्याचं सैल आणि फुगीर, ऊब त्यातच. ताण्यासाठी पाठीची लांब लोकर, बाण्यासाठी बाकीची. पहिल्यांदा धाकटीचं सूत कुठे जाड, कुठे बारीक येत होतं. आई काही बोलल्या नाहीत, तेच सूत बाण्याला घेतलं. सणगर काकांनीही ते चालवून घेतलं.

वर्षाच्या दोन्ही कातरींचे मिळून आकडे असे बसले. वीस-एकवीस किलोतली साधारण तिसरा हिस्सा तिसऱ्या ढिगात गेली. उरली तेरा-चौदा. धुऊन, पिंजून, कचरा जाऊन सूत झालं दहा किलो. एक घोंगडी अडीच किलोची धरली तर चार घोंगड्या. सवयीचा हात दिवसाला दोनशे ग्रॅम सूत काढतो, म्हणजे दहा किलोला पन्नास दिवसांचं काम.

माग

सणगर काकांचा खड्डामाग त्यांच्या घराच्या पडवीत आहे. पंच्याहत्तरीच्या पुढचे, अजून सकाळी विणतात. त्यांच्या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग म्हणजे खळ. चिंचोके भिजवायचे, साल काढायची, वाटून पाण्यात शिजवायचे, ताकाएवढी दाट खळ होईपर्यंत. पहाटे ताणा बाहेर लांबवर ताणून बांधायचा आणि कुंच्यानं खळ त्यावर एकाच दिशेनं ओढत न्यायची. लोकरीचे बाहेर आलेले केस सुताला चिकटतात, सूत गुळगुळीत आणि मजबूत होतं, आणि मागावर दोऱ्या एकमेकीत अडकत नाहीत. ऊन चढायच्या आत ते सुकलं पाहिजे आणि दव फार असलं तर त्या दिवशी काम नाही. घोंगडी पावसाळ्यात का विणली जात नाही ते इथे कळतं. ताणा वाळवायला सकाळच मिळत नाही.

त्यांनी एका घोंगडीचे ६०० रुपये घेतले. दोन घोंगड्यांना पांढऱ्या सुताची बारीक किनार होती, दोन पूर्ण काळ्या. एक आईंनी घरी ठेवली, तीन विकल्या. एक गावातल्याच माणसानं घेतली, दोन पंढरपूरच्या वाटेवरच्या ओळखीतून गेल्या. भाव ३,००० रुपये. मी यात मध्ये पडले नाही, कारण माझ्या ओळखीवर उभा राहिलेला भाव मी गेल्यावर टिकत नाही.

पुन्हा हिशेब

चारही घोंगड्या विकल्या असं धरलं तर १२,००० रुपये. विणकरीचे २,४०० आणि कातरणीचे २,४५० वजा केले की ७,१५० रुपये राहतात. पन्नास दिवसांच्या सूतकामाला भागलं तर दिवसाला दीडशेहूनही कमी. शेतात खुरपायला गेलं तर बाईला याच्या दुप्पट मिळतात. हा आकडा झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. हाताच्या सुताला आज मिळणारा भाव ते काढणाऱ्या बाईवर अन्याय करणारा आहे, आणि 'परंपरा टिकवा' म्हणून तिला सांगणाऱ्यांनी आधी हा भागाकार करावा. एवढंच की हे पन्नास दिवस सलग नव्हते. मेंढरांमागचे, संध्याकाळचे, पावसानं खुरपणी अडलेले तास होते ते. ज्या तासांना दुसरी मजुरी नव्हती त्यांचे सात हजार झाले, आणि जी लोकर उकिरड्यावर जात होती तिचे.

थोरल्यानं हे सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा मुद्दा पुन्हा मांडला. सात हजार विरुद्ध अठ्ठावीस हजार. तो चुकीचं बोलत नव्हता. लोकरीच्या जोरावर काळा मेंढा जिंकत नव्हता, आणि मी तसं भासवलंही नाही.

पण त्याच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की एकच मेंढा सगळ्या कळपाला. ती बाजूला ठेवली की चित्र बदलतं. लोकर कोण देतं? घरी राहणाऱ्या मेंढ्या. पैसे कोण देतं? तीन-चार महिन्यांत घर सोडून जाणारी कोकरं. ही दोन वेगळी जनावरं आहेत. जी कोकरं विकायचीच आहेत त्यांच्या अंगावर लोकर असो वा नसो, आपल्याला फरक पडत नाही. ज्या माद्या मागे ठेवायच्या आहेत त्या मात्र काळ्याच्याच हव्यात.

मग मोजणी केली. ३४ मेंढ्यांच्या कळपात दरवर्षी म्हाताऱ्या आणि भाकड काढून सहा-सात तरण्या भरती कराव्या लागतात. १८ मेंढ्या काळ्या मेंढ्याला दिल्या तर पंधराएक कोकरं जगतील, त्यात सात-आठ माद्या. भरती तेवढ्यात होते. उरलेल्या १६ माडग्याळला द्यायच्या, त्यांची तेराएक कोकरं नर-मादी न बघता सगळी विकायची. थोरल्याच्याच भावानं हिशेब केला तर नरांवर बारा-तेरा हजार जास्त येतात, माद्यांवर थोडे वेगळे. आणि मेंढ्या सगळ्या काळ्याच राहत असल्यानं लोकर एक किलोनंही कमी होत नाही. परदेशातले आणि आपल्याकडचे पशुपैदास शिकवणारे हेच सांगतात. वाड्यावरच्या कर्त्या माणसांनाही यात नवीन काही वाटलं नसतं. शंभराच्या कळपात दोन-तीन मेंढे असायचेच. कळप लहान झाला आणि ही सोय विस्मरणात गेली.

आई एवढंच म्हणाल्या, "मंग घरात राहील ती काळीच ना?" त्यांना दुसरं काही नको होतं.

अडचणी आणि त्यांच्यावर काय केलं

दोन मेंढे पाळायचे तर दोघांचा चारा, आणि दोघांची टक्कर. म्हणून माडग्याळ विकत घेतलाच नाही. शेजारच्या वस्तीवर एकाकडे होता, त्याच्याकडे १६ मेंढ्या चाळीस दिवसांसाठी ठेवल्या. मेंढी साधारण सतरा दिवसांनी माजावर येते, म्हणजे प्रत्येकीला दोन संधी मिळाल्या. मोबदला म्हणून त्या सगळ्या काळात मेंढरं त्याच्या शेतात बसवली. लेंडीखताची किंमत तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या लक्षात आली. काळा मेंढा मात्र विकत घेतला, दूरच्या वाड्यावरचा, रक्ताचा संबंध नसलेला. तो निवडताना थोरल्यानं उंची बघितली, आईंनी खांद्यावरची लोकर दोन बोटांनी फाकून मुळापर्यंत पाहिली. दोघांना पटलेला पहिला मेंढा थोडा महाग निघाला, तरी तोच आणला.

माडग्याळकडे कुठल्या मेंढ्या पाठवायच्या यावर मी ठाम होते. एकही पहिलारू नाही. मोठ्या चणीच्या नराचं कोकरू लहान मेंढीच्या पोटात मोठं वाढतं आणि पहिल्या वेताला अडतं. दोन-तीन वेतं झालेल्या, रुंद कमरेच्या, आणि लोकरीला कमी प्रतीच्या अशा मेंढ्या निवडल्या. ज्यांची पाठीची लोकर सगळ्यात चांगली त्या काळ्याकडे राहिल्या. म्हणजे या एका वाटणीतून दोन कामं झाली. लोकर वर्षागणिक सुधारेल आणि बाजाराची कोकरं वजनदार होतील. मेंढ्या परत आल्यावर पाच महिन्यांचा हिशेब धरून विण्याच्या तारखा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहिल्या.

घरी आणल्यावर काही मेंढ्या फिरलेल्या, म्हणजे न फळता पुन्हा माजावर आलेल्या, असू शकतात म्हणून काळ्या मेंढ्याच्या पोटाखाली पोत्याचं फडकं बांधून ठेवलं होतं. ते दोनदा सुटलं. त्यातून कोणतं कोकरू कोणाचं असा गोंधळ एक-दोन ठिकाणी झाला, पण रंगावरून तो सुटला.

सगळ्यात अवघड अडचण मायलेकांच्या किंवा भावाभावांच्या वादाची नव्हती. माडग्याळची एक मादी कोकरू निघाली, पांढरी, डोळ्यांभोवती तपकिरी, उड्या मारणारी. नातू तिला सोडेना. "एक ठिवली तर काय हुतंय?" असं थोरला, धाकटा, सगळेच म्हणू लागले. एक ठेवली तर पुढे तिच्या पोरी, त्यांची लोकर ठिगळाठिगळाची, निम्मी केसाळ. तीच काळ्या लोकरीत मिसळली की सुतात ताठ केस येतात आणि पिंजताना तुटून पडतात. कळप असाच पालटतो, कुणी ठरवून पालटत नाही. शेवटी आईंनीच मार्ग काढला. ती ठेवली, पण तिच्या कानाला वेगळी खूण केली, तिची कोकरं नर असोत वा माद्या, विकायचीच, आणि तिची कातर तिसऱ्या ढिगात जाईल. इतर सगळी संकराची कोकरं आषाढाच्या आधी बाजाराला गेली. मला ती एक मेंढीही नको होती. पण त्या घरात राहणारा नातू माझ्यापेक्षा जास्त वर्षं मेंढरं सांभाळणार आहे, आणि त्याचं मन मेंढरांत असणं या हिशेबात मोजायलाच हवं.

आज काय स्थिती आहे

पहिल्या वर्षीच्या विक्रीत थोरल्याच्या अंदाजापेक्षा संकराच्या नरांना थोडा कमी भाव आला, कारण त्या आठवड्यात बाजारात माल जास्त होता. तरी काळ्यापेक्षा तो स्पष्ट वर होता आणि थोरल्यानं रीत बदलायची भाषा केली नाही. कातरणी आता वर्षातून दोनदा धुऊन, ढीग करून होते. धाकटीचं सूत ताण्याला चालू लागलं आहे. तिनं वस्तीवरच्या आणखी दोघींना पिंजायला बसवलं आणि त्यांची लोकरही सणगर काकांकडे जाते.

काकांच्या मागाचं पुढे काय, हा प्रश्न मात्र तसाच आहे. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. मेंढा मिळतो, लोकर निघते, कातणारे हातही शिकतात, पण खड्डामागावर बसून पायानं पावड्या दाबत अख्खी घोंगडी विणणारा माणूस वर्षभरात तयार होत नाही. धाकट्यानं यंदा दिवाळीनंतर सकाळचे दोन तास त्यांच्या पडवीत बसायचं कबूल केलं आहे. काकांनी अट घातली आहे की आधी खळ शिजवायला शिकायची, मागाला हात नंतर. चिंचोके त्यानं आतापासूनच गोळा करायला घेतले आहेत. किती टिकतो ते पुढच्या कातरणीपर्यंत कळेल. ताण्याचं सूत तेव्हा लागणारच आहे आणि ते कुठे विणून घ्यायचं याचा दुसरा पत्ता सध्या आमच्यापैकी कुणाकडे नाही.